द्राक्षाच्या चोथ्यापासून विकरं: आधी मोजणी, मग उत्पादन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारी ते मार्च या काळात विंचूर, निफाड, दिंडोरी पट्ट्यातल्या वायनरींच्या मागच्या आवारात द्राक्षाच्या चोथ्याचे ढीग लागतात. दोन दिवसांत त्यांना आंबूस वास सुटतो, चिलटं घोंघावू लागतात आणि शेवटी ट्रॅक्टरने तो माल खड्ड्यात नाहीतर शेताच्या बांधावर जातो. याच चोथ्यावर बुरशी वाढवून औद्योगिक विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करा असा सल्ला आता प्रशिक्षणवर्गांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून तरुण शेतकऱ्यांना मिळू लागला आहे. सल्ला मुळात चुकीचा नाही. पण ज्या जागी पैसा बुडतो नेमकी तीच जागा त्यात गाळलेली असते. बुरशी उगवणं हे या धंद्यातलं सर्वांत सोपं काम आहे. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते विकराच्या क्रियाशीलतेचे, म्हणजे ‘युनिट’चे. युनिट किती हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडे विकायला काळा पडलेला कोंडा असतो, दुसरं काही नाही. म्हणून जिल्ह्यात उत्पादनाच्या अनुदानाआधी मोजणीची सोय व्हावी, एवढंच मागण्यासाठी हे पत्र. मागणी का करतो ते कळावं म्हणून कृतीही सविस्तर देतो. पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं. अर्धवट कृती देणं जास्त नुकसानीचं आहे.

ही पद्धत नवी नाही. जपानमध्ये भातावर आणि सोयाबीनवर ‘कोजी’ बुरशी वाढवण्याची परंपरा शेकडो वर्षांची. जोकिची ताकामिने यांनी तीच विद्या गव्हाच्या कोंड्यावर आणली आणि १८९४ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. आज जगातली बहुतेक औद्योगिक विकरं पोलादी टाक्यांत, पातळ द्रवात तयार होतात. आपल्या सिन्नरलाही विकरांचा मोठा कारखाना आहे. टाकीला निर्जंतुक हवा, ढवळणी, थंड पाण्याचं वेष्टन आणि चोवीस तास वीज लागते. परातीतल्या ओलसर कोंड्यावर बुरशी वाढवण्याच्या पद्धतीला, म्हणजे घन किण्वनाला, यातलं फार थोडं लागतं. शिवाय बुरशी निसर्गात अशाच ओलसर, मोकळ्या थरावर वाढते, त्यामुळे फळांच्या सालीतलं पेक्टिन हे चिकट द्रव्य तोडणाऱ्या पेक्टिनेझसारखी काही विकरं ती इथे भरभरून सोडते. लहान उत्पादकाला जागा आहे ती इथेच.

आता कच्चा माल. एक टन द्राक्षं दाबली की साधारण २०० किलो ओला चोथा निघतो. त्यात पाणी ६५ टक्क्यांच्या आसपास धरलं तर वाळून ७० किलो उरतो, आणि त्यातला निम्म्याच्या आतबाहेर भाग बियांचा असतो. बुरशीच्या कामाची असते ती साल. म्हणजे टनामागे कामाचा माल ३५ किलोच्या आसपास. ‘फुकटचा शेकडो टन कच्चा माल’ असं ऐकलं की हा हिशेब आठवावा. बी चाळून वेगळं केलं तर तेलासाठी त्याला वेगळं मोल आहे.

पांढऱ्या आणि लाल वाइनचा चोथा एकसारखा नसतो, हे फारसं कुणी सांगत नाही. पांढऱ्या वाइनची द्राक्षं आंबवण्याआधी दाबतात, त्यामुळे त्या चोथ्यात साखर शिल्लक असते. तो चिकट होतो, गोळे धरतो. आणि आयती साखर मिळाली की बुरशी पेक्टिन तोडण्याचं विकर बनवायचं टाळते. समोर वाढलेलं ताट असताना चूल कोण पेटवील? हा चोथा एकदा पाण्याने धुऊन मगच वाळवावा. लाल वाइनचा चोथा आंबून झाल्यावर दाबलेला असतो. साखर जवळजवळ संपलेली, पण टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, आणि टॅनिन विकरांना बांधून निकामी करतं. म्हणून दोन्हींपैकी कुठलाही चोथा एकटा वापरू नये. ७०० ग्रॅम गव्हाच्या जाड कोंड्यात ३०० ग्रॅम वाळवलेली साल हे सुरुवातीचं प्रमाण चांगलं. कोंड्यातून नत्र मिळतं, थर मोकळा राहतो, हवा खेळते. साल पेक्टिन पुरवते, आणि पेक्टिन दिसलं की बुरशीला पेक्टिनेझ बनवण्याचा इशारा मिळतो.

चोथा दाबयंत्रातून निघाल्यावर २४ तासांच्या आत वाळायला पडला पाहिजे. बेदाण्याच्या शेडमधल्या जाळीच्या मांडण्या या कामाला उत्तम. दोन-तीन सेंटिमीटरचा थर, दिवसातून दोनदा उलथापालथ, आणि हाताने चुरताना कुरकुरीत वाजेपर्यंत, म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास ओल येईपर्यंत, वाळवणं. ज्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात तिथे मात्र चोथा ठेवू नये. वायनरीत वापरलेल्या मेटाबायसल्फाइटचा अंशही चोथ्यात असतोच. तो वाळवताना बराचसा उडून जातो. राहिला प्रश्न भुरी-डावणीच्या फवारण्यांचा. बुरशीनाशकाचा अंश राहिलेल्या सालीवर बुरशी वाढवायला जाणं म्हणजे विस्तव विझवून भाकरी भाजायला बसणं. त्यासाठी सोपी खबरदारी अशी: प्रत्येक ढिगातली २० ग्रॅम साल कोंड्यात मिसळून एका काचेच्या बशीत आधी लावून पाहावी, शेजारी नुसत्या कोंड्याची बशी ठेवावी. दोन दिवसांत दोन्हींत सारखी वाढ नसेल तर तो ढीग बाजूला काढावा.

कांद्याची टरफलं, डाळिंबाची साल, छाटणीच्या काड्या यांचंही नाव घेतलं जातं. कांद्याच्या टरफलांतली रंगद्रव्यं सूक्ष्मजीवांना रोखणारी असतात. पहिल्या प्रयोगात त्यांच्या वाटेला जाऊ नये. सटाणा-देवळ्याकडच्या डाळिंबाच्या सालीत टॅनिन खूप, तिच्यावर टॅनेझ हे टॅनिन तोडणारं वेगळं विकर तयार होऊ शकतं. खरड छाटणीच्या काड्या लाकूड झालेल्या असतात. त्या दळणं, अल्कलीत मुरवणं, धुणं एवढं केल्याशिवाय बुरशीच्या हाती फारसं लागत नाही, आणि धुण्याच्या त्या पाण्याचं काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहतो.

विरजण कुठून आणायचं? सडक्या द्राक्षावरची काळी बुरशी खरवडून, हे उत्तर आम्ही ऐकलं आहे आणि ते धोक्याचं आहे. द्राक्षबागेतल्या काळ्या बुरशींत ॲस्परजिलस कार्बोनेरियस नावाची जात असते. ती ऑक्रॅटॉक्सिन हे मूत्रपिंडाला घातक विष बनवते. पिवळसर हिरवी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही अफ्लाटॉक्सिन बनवणारी जात आणि कोजीची निरुपद्रवी ॲस्परजिलस ओरायझी नुसत्या डोळ्यांना जवळजवळ सारख्याच दिसतात. पेक्टिनेझसाठी ॲस्परजिलस नायजरचा नोंद असलेला वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातून, आघारकर संशोधन संस्थेतल्या बुरशी संग्रहातून किंवा चंडीगडच्या संग्रहातून रीतसर घ्यावा. नायजरच्याही काही वाणांत विष बनवण्याची क्षमता असते, म्हणून वाण घेताना त्याबद्दल विचारून घ्यावं. मूळ वाण ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवावा आणि कामापुरती नळी त्यातून काढावी. एकाच नळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी असं वर्षभर करत गेलं तर बुरशी तशीच काळीभोर दिसते, विकर मात्र घटत जातं. मूळव्याधीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यांवर एकच पुडी देणाऱ्या वैदूसारखं, फवारणीसाठी मिळणाऱ्या ट्रायकोडर्माच्या पाकिटालाच विकराचं विरजण म्हणून विकण्याचे प्रकारही होतात. ती बुरशी मुळांच्या रोगांसाठी निवडलेली असते. सेल्युलेझ, म्हणजे काष्ठतंतू तोडणारं विकर, बनवणारी ट्रायकोडर्मा रीसी ही वेगळी जात आहे.

आता प्रत्यक्ष कृती, एक किलो कोरड्या मिश्रणाची. एक लिटर स्वच्छ पाण्यात अमोनियम सल्फेट १० ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १ ग्रॅम विरघळवून सामू (पीएच) ५ च्या आसपास आणावा. हे पाणी मिश्रणावर शिंपडत हाताने चोळावं आणि अर्धा तास मुरू द्यावं. पुढे विरजणाचं १०० मिलिलिटर पाणी पडणार आहे. कोंड्याची मुळातली १० टक्के ओल धरली तर २१०० ग्रॅममध्ये १२०० ग्रॅम पाणी, म्हणजे ५७ टक्के ओल होते. ही बरोबर आहे. मूठ आवळली की लाडू वळावा, बोटांच्या फटींतून थेंब गळू नये आणि अंगठ्याने टिचकी मारली की लाडू फुटावा. ओल ६५ च्या वर गेली की दाण्यांमधल्या फटी पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि जिवाणूंचं फावतं. ५० च्या खाली बुरशी उगवते खरी, पण लवकर दमून काळी पडते.

नत्रासाठी खताच्या गोणीतला युरिया वापरू नये. २०१५ पासून देशातला सगळा खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, आणि कडुनिंबाचं तेल बुरशीला मानवत नाही. साधा युरियासुद्धा वाफेत तापला की अमोनिया सोडतो, सामू चढतो आणि जिवाणूंना आमंत्रण मिळतं. अमोनियम सल्फेटचं उलट आहे. बुरशी त्यातलं नत्र घेते, मागे आम्ल राहतं आणि सामू उतरतो. थोडा आंबटपणा नायजरला चालतो, जिवाणूंना चालत नाही.

निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या भांड्यात, १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, ४५ मिनिटं. कोंडा उष्णतेला आडकाठी करतो. पिशवी गच्च भरली तर बाहेरून शिजते आणि गाभा कोमटच राहतो. म्हणून पिशवीतला थर पाच सेंटिमीटरहून जाड नको. ‘इडलीपात्रातली वाफ पुरते’ असं काहींचं म्हणणं आहे. ती बुरश्यांना मारते, पण कोंड्यातल्या बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू १०० अंशांवर आरामात टिकतात. दुसऱ्या दिवशी थर बुळबुळीत, तार सुटणारा आणि अमोनियाच्या वासाचा झाला असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

विरजणासाठी बटाट्याच्या आगारवर २८ ते ३० अंशांत पाच-सात दिवस वाढलेले काळे बीजाणू घ्यावेत. ते पाण्यात भिजत नाहीत, पृष्ठावर तरंगत राहतात. त्यासाठी निर्जंतुक पाण्यात ०.१ टक्का ट्वीन-८० हे साबणासारखं भिजवणारं द्रव्य घालावं लागतं. न्यूबॉर काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजावेत. कोरड्या मालाच्या दर ग्रॅमला १ कोटी बीजाणू हवेत, म्हणजे ९०० ग्रॅमसाठी १०० मिलिलिटरमध्ये ९०० कोटी, मिलिलिटरला ९ कोटी. मोजल्याशिवाय अंदाजाने टाकलं तर एकदा कमी पडतात आणि मधल्या जागा इतर बुरश्या बळकावतात. एकदा जास्त पडतात आणि सगळे एकदम उगवून थर तापतो.

दीड फूट लांब-रुंद स्टीलच्या परातीत हे दोन किलो मिश्रण साधारण अडीच सेंटिमीटर जाडीचा थर धरतं. याहून जाड थर देऊ नये. या धंद्यातलं बरंचसं नुकसान इथे होतं. पहिले बारा-चौदा तास काही दिसत नाही. मग बीजाणू फुटतात, पांढरे तंतू पसरतात आणि अठरा ते छत्तीस तासांच्या दरम्यान बुरशी स्वतःच इतकी तापते की जाड थराचा गाभा खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर जातो. खोली ३० अंशांवर आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या माणसाचा थर आत ४५ अंशांवर शिजत असतो. तापमापीची कांडी थरात खुपसून दर दोन तासांनी वाचावी. खोलीच्या भिंतीवरच्या तापमापीचा इथे उपयोग नाही. वीस-चोवीस तासांनी थर जाळी धरून पुठ्ठ्यासारखा उचलला जातो. तेव्हा हातमोजे घालून एकदाच तो मोडून सैल करावा. वारंवार ढवळल्यास तंतू तुटतात.

आपल्या हवेचाही विचार करावा. डिसेंबर-जानेवारीत निफाडला रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. खोली तापवली नाही तर बुरशी दोन दिवस झोपून राहते आणि तेवढ्यात इतर कुणी जागा घेतं. एप्रिल-मेमध्ये उलट. हवा इतकी कोरडी की उघड्या परातीचा वरचा थर काही तासांत वाळतो. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर हवी. वाळ्याचा किंवा काड्यांच्या पॅडचा कूलर लावला तर गारवा आणि ओल दोन्ही मिळतात, पण तेच पॅड इतर बुरश्यांचं माहेरघर असतं. दर आठवड्याला ते ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून धुवावेत. पावसाळ्यात उंच कापसासारखी वाढणारी, टाचणीच्या टोकासारखी काळी बोंडं धरणारी ऱ्हायझोपस आणि सूक्ष्म कोळी यांचा त्रास असतो. हे कोळी एका परातीतून दुसरीत बीजाणू वाहून नेतात. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर हा प्रवास थांबतो.

बिघडलेली परात खोलीत उघडून हुंगत बसू नये. झाकून थेट वाफेत न्यावी.

पेक्टिनेझ साधारण ७२ ते ९६ तासांत शिगेला पोचतं. काळे बीजाणू धरू लागले की थांबावं. ‘अजून एक दिवस ठेवू, जास्त मिळेल’ या मोहात क्रियाशीलता उतरते, कारण बुरशीचीच प्रथिनं तोडणारी विकरं आपल्या मालावर हात मारू लागतात, आणि परात हलवली की काळी धूळ उडते.

काढणी अशी. सुरुवातीच्या एका किलोमागे पाच लिटर पाणी, सामू ५, तापमान ३० अंश, अर्धा ते एक तास हलक्या हाताने ढवळणं, मग मलमलीतून दाबणं. पहिल्या दाबात बराच अर्क भुश्श्यातच अडकतो. म्हणून दुसऱ्यांदा धुवावं आणि ते दुसरं पातळ पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या काढणीला वापरावं. नुसतंच पाणी वाढवत गेलं तर अर्क पातळ होतो आणि पुढे आटवायचा खर्च वाढतो. आटवणं म्हणजे उकळणं नव्हे. ६० अंशांच्या पुढे बहुतेक माल मरतो. त्यासाठी विकर अडवून पाणी जाऊ देणारी, १० किलोडाल्टन मापाची गाळणपटलं लागतात. गाळलेल्या अर्कात ग्लिसरॉल घालून तो ४ ते ८ अंशांवर ठेवावा. गाळणपटलांची सोय नसेल तर बुरशीसकट कोंडाच ४० अंशांच्या आत, वाळवण्याच्या कपाटात ८-१० टक्के ओलीपर्यंत सुकवता येतो. उन्हात पसरू नये. नाशिकच्या मार्चच्या उन्हात पत्र्यावर किती ताप चढतो हे सांगायला नको.

आता मोजणी. ठरावीक सामू आणि तापमानाला दर मिनिटाला एक मायक्रोमोल गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल मोकळं करणारं विकर म्हणजे पेक्टिनेझचं एक युनिट. सामू ५ वर स्थिर ठेवणाऱ्या ॲसिटेट बफरमधलं १ टक्का पेक्टिन ०.९ मिलिलिटर, त्यात पातळ केलेला अर्क ०.१ मिलिलिटर, ५० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं. मग मोकळ्या झालेल्या साखरेसारख्या आम्लाला रंग देणारं डीएनएस द्रावण ३ मिलिलिटर, उकळत्या पाण्यात १० मिनिटं, थंड करून ५४० नॅनोमीटरला रंग वाचायचा आणि गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या प्रमाण आलेखावरून मायक्रोमोल काढायचे. समजा २० पट पातळ केलेल्या अर्काने १० मिनिटांत २ मायक्रोमोल सोडले. मिनिटाला ०.२, ते ०.१ मिलिलिटरचे, म्हणजे मिलिलिटरला २. वीसने गुणून ४० युनिट. किलोमागे पाच लिटर अर्क धरला तर कोंड्याच्या ग्रॅमला २०० युनिट.

गणित सोपं आहे, चूक दुसरीकडे होते. द्राक्षाच्या सालीच्या अर्कात स्वतःचीच साखर असते, आणि डीएनएस तिलाही तितकाच लाल रंग देतं. विकराने सोडलेली साखर आणि आधीपासून असलेली साखर वेगळी करण्यासाठी एक कोरी नळी लावावी लागते, जिच्यात डीएनएस आधी घालून विकर मारलेलं असतं आणि अर्क मागाहून पडतो. ही नळी न लावता काढलेले आकडे कितीतरी फुगलेले येतात. विक्रेत्याला आनंद होतो, गिऱ्हाईक एकदा फसतं आणि परत येत नाही. सेल्युलेझची ‘फिल्टर पेपर युनिट’ची पद्धत तर आणखी कडक आहे: व्हॉटमन एक नंबर कागदाची १ बाय ६ सेंटिमीटरची ५० मिलिग्रॅमची पट्टी, सामू ४.८, ५० अंश, ६० मिनिटं, आणि त्यातून बरोबर २ मिलिग्रॅम ग्लुकोज निघेल इतकाच अर्क पातळ केलेला हवा. एकाच पातळ नमुन्यावरून त्रैराशिक मांडलं तर उत्तर चुकतं, कारण ती क्रिया सरळ रेषेत चालत नाही. शिवाय सामू आणि तापमान न लिहिता ‘ग्रॅमला ५०० युनिट’ एवढंच छापलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. ५० अंशांवर मोजलेलं पेक्टिनेझ १२ अंशांच्या टाकीत, पांढऱ्या रसाचा गाळ बसवायला वापरलं की त्याच्या वेगाचा थोडाच भाग उरतो.

विकायचं कुणाला? दाराशीच वायनरी असल्या तरी पहिलं गिऱ्हाईक त्या नव्हेत, असं आमचं मत आहे. नायजरच्या कच्च्या अर्कात पेक्टिनेझबरोबर इतरही विकरं येतात. पेक्टिन मिथाइल एस्टरेझ मिथेनॉल मोकळं करतं. सिनॅमाइल एस्टरेझ अशी आम्लं मोकळी करतं, ज्यांच्यापासून पुढे काही यीस्ट औषधी, जळका वास तयार करतात. अन्नात वापरायच्या विकरांना जागतिक तज्ज्ञ समितीच्या (जेईसीएफए) अटी आहेत: शिसं किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत, कोलिफॉर्म ग्रॅमला ३० च्या आत, २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला आणि ई. कोलाय अजिबात नको, प्रतिजैविकाचा गुण नको. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियमही लागू होतात. त्या पातळीला पोचायला वेळ लागतो. तोवर वायनरी आणि रस उद्योगाने एक साधी चाचणी तरी करावी: एक भाग गाळलेला रस, दोन भाग आम्ल घातलेलं अल्कोहोल, पंधरा मिनिटं थांबणं. गाठी दिसल्या तर पेक्टिन शिल्लक आहे, विकराचा डोस अपुरा पडला.

मालेगावच्या कापडावरची सायझिंगची खळ काढायला बुरशीचं अमायलेझ, म्हणजे स्टार्च तोडणारं विकर, विकता येईल असं म्हणतात. ते काम आज ९० अंशांच्या पुढे टिकणारी जिवाणूंची विकरं करतात. बुरशीचं अमायलेझ ५५ च्या पुढे दमतं. तिथे स्पर्धा करू नये. कुक्कुटखाद्यातलं फायटेझ मात्र विचार करण्यासारखं आहे. धान्यातला बांधलेला स्फुरद ते मोकळा करतं, खाद्याच्या किलोला ५०० युनिट हा रूढ डोस आहे, आणि जिल्ह्यात कुक्कुटपालन मोठं आहे. पण वर दिलेली क्षारांची कृती तशीच उचलू नये. फॉस्फेट मिळालं की नायजर फायटेझ बनवणं बंद करते. त्यासाठी पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट वगळावं लागतं. आणि खाद्याच्या गोळ्या ८० अंशांच्या वाफेत बनतात, तेव्हा साधं फायटेझ बरंचसं मरतं. भुकटी स्वरूपातल्या खाद्यालाच ते लागू पडेल.

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी, आणि त्या आग्रहाने. पहिली: बीजाणू आणि विकरांची कोरडी धूळ दोन्ही दमा जडवू शकतात. साबणाच्या कारखान्यांत १९६०च्या दशकात विकरांच्या धुळीने कामगारांना दमा जडल्यावर जगाला हे कळलं. एन-९५ मास्क, बंद खोली, बाहेर जाणाऱ्या हवेला गाळणी, आणि घरातल्या खोलीत हे काम अजिबात नको. दुसरी गोष्ट नाशिककरांनी विशेष लक्षात घ्यावी. चाळीतल्या कांद्यावर जी काळी बुरशी येते ती हीच ॲस्परजिलस नायजर. पॅकहाउस, वाइनचं तळघर आणि कांद्याची चाळ यांच्या शेजारी हा उद्योग उभारणं म्हणजे शेजाऱ्याच्या मालावर रोज बीजाणू उधळणं आहे. अर्क काढून उरलेला चोथा वाफवल्याशिवाय आवाराबाहेर जाऊ नये. त्यानंतर तो कंपोस्टला चालेल. विषाची तपासणी केल्याशिवाय जनावरांपुढे टाकू नये. धुण्याच्या पाण्यात सेंद्रिय भार मोठा असतो. ते नाल्यात सोडता येत नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

एवढं सगळं करूनही हाती आलेल्या बाटलीवर विश्वासाने एक आकडा लिहिता आला नाही तर उत्पादकाचे तीन महिने वाया जातात. म्हणून जिल्हा नियोजन समितीकडे आमची मागणी अशी आहे. विंचूरच्या वाइन पार्कमध्ये किंवा मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात एक मोजणी कक्ष उभा करावा. त्यात एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, अर्ध्या अंशाच्या आत स्थिर राहणारं जलतापक, शीत सेंट्रिफ्यूज, ओल मोजण्याचा काटा, सूक्ष्मदर्शक, शुद्ध गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल व पेक्टिन, आणि कोरी नळी न विसरणारा एक प्रशिक्षित माणूस असावा. प्रत्येक अहवालावर सामू, तापमान आणि पद्धत छापलेली असावी. अफ्लाटॉक्सिन आणि ऑक्रॅटॉक्सिनच्या तपासणीसाठी नमुने बाहेर पाठवण्याची जबाबदारीही त्याच कक्षाने घ्यावी. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना पदवीच्या शेवटच्या वर्षाचं काम म्हणून हे मोजणीचं काम देता येईल. पुढचा चोथा जानेवारीत पडायला लागेल. त्याआधी निदान जलतापक आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर जागेवर बसलेले असावेत.

आपले नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, नाशिक